केमो-रेडिएशनच्या जोडीला आणखी काही करायचं असेल तर

मी केमोथेरपीच्या डे-केअर विभागात परिचारिका आहे. औषधाची बाटली टांगून थेंबांचा वेग लावला की पुढचे काही तास पेशंट आणि मी एकाच खोलीत असतो. डॉक्टरांसमोर न विचारलेले प्रश्न या वेळात बाहेर येतात. 'सिस्टर, एक काढा सुरू केलाय, चालेल ना?' 'मालिश केली तर गाठ पसरते का?' 'सुया टोचून घेतल्या की उलट्या थांबतात म्हणे?' हे प्रश्न दबक्या आवाजात विचारले जातात, आणि नेमकं तेच मला खुपतं. कारण यातल्या काही गोष्टींनी खरोखर बरं वाटतं आणि काहींनी चालू उपचाराची ताकद कमी होते. दबक्या आवाजात विचारलं की बहुतेक वेळा अर्धंच उत्तर मिळतं.

इथे लिहिते आहे ते ज्यांचे उपचार चालू आहेत किंवा लवकरच सुरू होणार आहेत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. स्वतःसाठी काहीतरी करावं ही इच्छा अगदी रास्त आहे. तारखा डॉक्टर ठरवतात, डोस वजन-उंचीवरून ठरतो, रिपोर्ट लॅबमधून येतात. पेशंटच्या हाती फार थोडं राहतं. ते थोडं नीट वापरावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सगळ्यात आधी हे ठरवून टाका

जे काही कराल ते मुख्य उपचाराच्या जोडीला करा, त्याच्या जागी नको. २०१८ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी याबाबतचे दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या, शरीरात इतरत्र न पसरलेल्या कॅन्सरचे असे २८१ रुग्ण होते, ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यातल्या २५८ जणांनी नेहमीचा किमान एक तरी उपचार घेतला होता आणि जोडीला इतर काही करत होते. तरीही त्यांचा मृत्यूचा धोका दुप्पट होता. का? कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पुढची केमो, रेडिएशन किंवा हार्मोनची गोळी नाकारली होती. तिघांतल्या साधारण एकाने केमो नाकारली आणि निम्म्याहून जास्त जणांनी रेडिएशन. हा नकार हिशेबातून बाजूला काढला तर धोक्यातला फरक उरत नव्हता. म्हणजे जोडीच्या उपचारांनी थेट अपाय केला असं दिसलं नाही. घात झाला तो मुख्य उपचार सुटल्यामुळे. म्हणून एखादी थेरपी चालू केल्यावर 'आता पुढचं सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, जरा लांबवलं तर?' असं मनात येऊ लागलं, तर ते डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. केमो सहन होत नसेल तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, दोन सायकलमधलं अंतर वाढवता येतं. हे निर्णय त्यांच्या माहितीने झाले तर सुरक्षित असतात.

थेरपी निवडू नका, त्रास निवडा

लोक विचारतात, 'ॲक्युपंक्चर चांगलं की योग?' याला उत्तर नाही. त्रास कोणता आहे ते सांगा, मग बोलता येईल.

एक वही घ्या. तारीख, केमोचा कितवा दिवस, त्रास कोणता, आणि शून्य ते दहामध्ये किती, एवढंच रोज लिहा. केमो दिली तो पहिला दिवस धरायचा. दोन सायकल लिहून झाल्या की नमुना दिसू लागतो. मळमळ पहिल्या चोवीस तासांत येते की तिसऱ्या-चौथ्या दिवशी, यावरून औषध बदलतं. उशिरा येणाऱ्या मळमळीसाठी वेगळी योजना असते. पांढऱ्या पेशी बऱ्याच औषधांमध्ये सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जातात. त्या काळात सुया, मालिश, गर्दीतला वर्ग, सगळं टाळलेलं बरं. काउंट, म्हणजे या पेशींची संख्या, पडण्याचे दिवस माहीत असले की जोडीच्या उपचारांचं वेळापत्रक आपोआप आखलं जातं.

वहीतलं पान आधी डॉक्टरांना दाखवा. थकवा म्हणजे फक्त 'केमोचा थकवा' असं नसतं. हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, इम्युनोथेरपीने, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांनी, थायरॉइड मंदावलेलं असतं, झोप झालेली नसते, कधी नैराश्य असतं. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईंना घरच्यांनी थकवा घालवायला योगवर्गाला पाठवलेलं मी पाहिलं आहे. त्यांना रक्ताची गरज होती.

थकवा: हालचाल

उपचारांच्या काळातल्या थकव्यावर ज्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे ती गोष्ट म्हणजे व्यायाम. ऐकायला विचित्र वाटतं, कारण अंगात त्राण नसलेल्या माणसाला आपण विश्रांती घ्यायला सांगत आलो आहोत. पण पडून राहिलं की स्नायू झपाट्याने जातात, मग उठणं आणखी अवघड होतं, मग माणूस आणखी पडून राहतो. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली स्पष्ट शिफारस केली की उपचार चालू असतानाच चालण्यासारखा आणि स्नायूंच्या ताकदीचा असा दोन्ही प्रकारचा व्यायाम करावा. २०१९ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याचं मापही दिलं: आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास मध्यम गतीचा व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा. थकवा, चिंता, मनाची उदासी आणि एकूण रोजचं जगणं, या सगळ्यांत त्याने फरक पडतो.

अर्धा तास ऐकून घाबरू नका. माझ्या पेशंटना मी खोलीच्या दारापासून सुरुवात करायला सांगते. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, एवढी गती पुरे. केमोनंतरचे पहिले दोन-तीन दिवस जमलं तेवढंच. त्यानंतर दर आठवड्याला दोन-चार मिनिटं वाढवा. ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखं ढकलणं, इथून सुरुवात करता येते.

कोणी काळजी घ्यायची? हाडांत आजार असेल तर वाकणं, पिळणं, वजन उचलणं यांबद्दल आधी फिजिओथेरपिस्टना विचारा. हाड मोडण्याचा धोका असतो. प्लेटलेट खूप कमी असतील तर वजनं नकोत, पडण्याची शक्यता असलेलं काही नको. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पोटावर स्टोमा (शौच किंवा लघवीसाठी केलेलं छिद्र) असेल तर कपालभातीसारखे पोटाला झटके देणारे प्रकार आणि पोटाचे जोरकस व्यायाम परस्पर सुरू करू नका, हर्नियाचा धोका वाढतो. औषधासाठी शिरेत घातलेली, बाहेर नळी असलेली लाइन लावलेली असेल तर पोहणं बंद.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर 'त्या हाताने काही उचलायचं नाही' असं आयुष्यभर पाळणाऱ्या स्त्रिया मला भेटतात. हात सुजेल ही भीती त्यामागे असते. २००९ साली, हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले. तो व्यायाम प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली आणि हाताला घट्ट बाही घालून केलेला होता, हे मात्र विसरू नका.

व्यायामाचा फायदा थकव्यापुरताच आहे असंही आता म्हणता येत नाही. २०२५ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया आणि केमो संपल्यावर अर्ध्या जणांना तीन वर्षं मार्गदर्शनासह व्यायाम दिला, उरलेल्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी आजार परतला नाही अशांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८० टक्के होतं, दुसऱ्या गटात ७४ टक्के. हे सगळे शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण केलेले लोक होते. व्यायाम त्या उपचारांवर वर चढवलेला होता.

मळमळ

उलटीची औषधं आधी. ती आता फार चांगली आहेत. ती वेळेवर घ्या, मळमळ सुरू होण्याची वाट पाहू नका. 'गोळ्या कमी घ्याव्यात' म्हणून उलटीची गोळी टाळणाऱ्या लोकांना मी मनापासून विनवते की बचत दुसरीकडे करा.

त्याच्या जोडीला मनगटाचा बिंदू दाबून पाहा. तळहात स्वतःकडे करा, मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं मोजा. तिथे दोन शिरांसारख्या कंडऱ्यांच्या मधे अंगठ्याने दोन-तीन मिनिटं गोल-गोल दाबायचं. दुखेल इतकं दाबायची गरज नाही. याचे पुरावे संमिश्र आहेत, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण अपाय जवळपास नाही आणि हातात काहीतरी करायला मिळतं. ज्या हाताला सूज आहे किंवा ज्या हातात लाइन आहे तो हात सोडा. ॲक्युपंक्चरच्या सुयांबद्दल १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीने केमोच्या मळमळीवर उपयोग होतो असा निष्कर्ष दिला होता.

आल्याचा थोडा उपयोग काहींना होतो. २०१२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठीच्या कॅप्सूलने पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली होती; इतर काही अभ्यासांत फरक दिसला नाही. प्लेटलेट कमी असताना किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना कॅप्सूल घेऊ नका.

सांधेदुखी, हातापायांच्या मुंग्या, तोंड येणं

स्तनाच्या कॅन्सरनंतर अरोमाटेज रोखून इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्या, म्हणजे लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल वगैरे, घेणाऱ्या बऱ्याच स्त्रियांचे सांधे सकाळी आखडतात. कित्येक जणी त्या दुखण्याला कंटाळून गोळीच सोडतात. २०१८ साली २२६ स्त्रियांवरच्या प्रयोगात खऱ्या ॲक्युपंक्चरने हे दुखणं तुलनेसाठी केलेल्या खोट्या ॲक्युपंक्चरपेक्षा जास्त कमी झालं. २०२२ साली कॅन्सरतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात त्याची शिफारसही आली. सुयांमुळे गोळी चालू राहत असेल तर त्या सुयांचं मोल मी फार मोठं मानते.

मुंग्यांच्या बाबतीत एक इशारा. असिटाइल-एल-कार्निटिन नावाचं पूरक 'नसांसाठी' म्हणून सर्रास घेतलं जातं. टॅक्सेन गटाची केमो घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवर ते तपासलं गेलं, आणि २०१३ साली निकाल आला तो उलटा होता: घेणाऱ्यांच्या मुंग्या वाढल्या. ते टाळा, आणि मुंग्या वाढत असतील तर डोसच्या दिवशी आधी मला किंवा डॉक्टरांना सांगा.

तोंड येऊ नये म्हणून ५-एफयू हे केमोचं औषध पटकन शिरेत देताना अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळतात, याचा पुरावा चांगला आहे. पण ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर थंडाने घसा आणि बोटं झिणझिणतात. तिथे बर्फ नको. शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटचं पाहून बर्फ मागू नका.

चिंता, झोप आणि मालिश

सजगतेचं ध्यान, म्हणजे श्वासाकडे आणि शरीराकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव, हे चिंता आणि उदासीसाठी उपचार चालू असतानाही आणि संपल्यावरही करावं अशी २०२३ सालची तज्ज्ञांची शिफारस आहे. उपचार संपलेल्या ४१० जणांवरच्या २०१३ सालच्या अभ्यासात सौम्य आसनं, श्वसन आणि ध्यान असा चार आठवड्यांचा योगवर्ग करणाऱ्यांची झोप सुधारली आणि झोपेच्या गोळ्या कमी झाल्या. संमोहनाबद्दल लोकांच्या मनात भलत्या कल्पना असतात. २००७ साली स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी २०० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने घेतलेल्या पंधरा मिनिटांच्या सत्राने शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं, मळमळ आणि थकवा कमी झाला होता.

घरी करायचं असेल तर एवढं पुरेल: चारपर्यंत मोजत श्वास आत, सहापर्यंत मोजत बाहेर, पाच मिनिटं. सुई लावण्याच्या वेळी मी अनेकांकडून हे करून घेते, हात सैल पडतो आणि शीर सापडते. डोळे मिटून बसल्यावर कोणाला उलट भीती दाटून येते. तसं झालं तर डोळे उघडे ठेवा किंवा आवडतं संगीत लावा, आणि समुपदेशकांशी बोला.

मालिशीने कॅन्सर पसरतो याला आधार नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरने १२९० रुग्णांच्या नोंदी २००४ साली प्रसिद्ध केल्या. मालिशीनंतर वेदना, थकवा, चिंता, मळमळ यांची तीव्रता साधारण निम्म्याने उतरली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, पण मला रोज दिसतं ते याच्याशी जुळतं. पाय नुसते हलके चोळले तरी चेहरा बदलतो. मात्र दाब हलकाच हवा. गाठीवर, रेडिएशनच्या जागेवर, पोर्टवर (औषधासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीवर), ताज्या टाक्यांवर हात नको. हाडांत आजार असेल तिथे दाबायचं नाही, सुजलेल्या हाताला लिम्फच्या सुजेचं खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसाखेरीज कोणी हात लावायचा नाही. आणि एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल तर ती अजिबात चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. कॅन्सरमध्ये आणि केमोमध्ये शिरेत गुठळी होण्याचा धोका जास्त असतो.

सुगंधी तेलांबद्दल थोडक्यात: वास घेण्यापुरती ठीक, पण केमोत एरवी आवडणारा वासही नकोसा होतो, तेव्हा शेजारच्यांचा विचार करा. रेडिएशन चालू असलेल्या त्वचेवर विचारल्याशिवाय कोणतंही तेल लावू नका.

तोंडावाटे जाणारं सगळं औषधच धरा

इथे मी सर्वांत कडक आहे. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य मी ऐकते, आणि त्याच वेळी माझ्या हातात पॅक्लिटॅक्सेल या केमो औषधाची बाटली असते. पॅक्लिटॅक्सेल मुळात एका सदाहरित झाडाच्या सालीतून मिळालं, व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून. वनस्पतीत ताकद असते म्हणून तर ती औषध होते. मग ती ताकद दुसऱ्या औषधाच्या आड येऊ शकते, हेही मानायला हवं.

आड येते ती अशी. अनेक केमो औषधं यकृतात आणि आतड्यात ठरावीक एन्झाइमांनी मोडली जातात. काही वनस्पती या एन्झाइमांचा वेग वाढवतात, मग औषध लवकर बाहेर पडतं आणि आजारावर पुरेसं काम करत नाही. काही वनस्पती वेग कमी करतात, मग औषध रक्तात साचतं आणि विषारी ठरतं. उदासीसाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती पहिल्या प्रकारची. २००२ सालच्या एका छोट्या अभ्यासात तिच्यामुळे इरिनोटेकॅन या केमो औषधाच्या कार्यकारी घटकाचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं. पेशंटला यातलं काहीच जाणवत नाही. उलट त्रास कमी झाला म्हणून तो खूश असतो. ग्रेपफ्रूट हे फळ दुसऱ्या प्रकारचं, म्हणून अनेक गोळ्यांच्या पाकिटावर त्याची मनाई छापलेली असते.

हळदीबद्दल सगळे विचारतात. स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी आणि कर्क्युमिनच्या कॅप्सूल वेगळ्या. कर्क्युमिन शोषलं जावं म्हणून त्या कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरिन घालतात. २०१९ साली टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या एका लहान अभ्यासात या जोडगोळीने टॅमॉक्सिफेनच्या कार्यकारी रूपाचं रक्तातलं प्रमाण कमी केलं. ग्रीन टीच्या अर्काने बोर्टेझोमिब हे मायलोमावरचं (अस्थिमज्जेच्या कॅन्सरवरचं) औषध निष्प्रभ होतं असं २००९ साली प्रयोगशाळेत दिसलं. मायलोमाच्या पेशंटनी त्या कॅप्सूल टाळाव्यात.

जीवनसत्त्वं निरुपद्रवी वाटतात, म्हणून ती कोणी सांगतच नाही. फॉलिक ॲसिडचं उदाहरण घ्या. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध देताना ते आम्ही मुद्दाम सुरू करतो, नाही घेतलं तर त्रास वाढतो. तेच फॉलिक ॲसिड कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीसोबत जास्त प्रमाणात घेतलं तर जुलाब आणि तोंड येणं वाढू शकतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइड, हृदयाचा ट्रोपोनिन अशा काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ साली तशी सूचना काढली होती. अँटिऑक्सिडंटचंही तसंच. रेडिएशन आणि काही केमो औषधं पेशी मारताना फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा, वापर करतात, आणि अँटिऑक्सिडंट तेच शोषून घेतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या एका अभ्यासात केमोआधी आणि केमोदरम्यान अशा दोन्ही वेळी ए, सी, ई यांसारखी पूरकं घेणाऱ्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यावरून थेट कारण सिद्ध होत नाही, पण केमोच्या काळात ती मोठ्या डोसमध्ये न घेण्याइतका इशारा मला त्यात पुरेसा वाटतो. डॉक्टरांनी कमतरता पाहून लिहून दिलेलं व्हिटॅमिन मात्र परस्पर बंद करू नका.

पुड्या, भस्मं, नाव नसलेल्या गोळ्या यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. २००४ साली बोस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ज्याच्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर आधीच केमोचा भार आहे त्याने घटक छापलेले नसलेलं काहीही घेऊ नये. जिवंत जंतूंची प्रोबायोटिक्सही काउंट पडलेले असताना नकोत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसूण, जिन्को, जिनसेंग, व्हिटॅमिन ई यांच्या कॅप्सूल साधारण दोन आठवडे आधी थांबवतात, रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने सांगा.

डॉक्टरांना सांगायचं कसं

नावं आठवून सांगण्यात घोळ होतो. सगळ्या बाटल्या, पाकिटं, पुड्या एका पिशवीत घालून घेऊन या. लेबलचे फोटो चालतील, पण मागची घटकांची बाजूही टिपा. भेटीच्या सुरुवातीलाच म्हणा: 'मी यांपैकी काही घेतो आहे, काही घ्यायचा विचार आहे. माझ्या केमोशी यातलं काय जुळत नाही ते तपासून सांगाल का?' डॉक्टरांना त्या क्षणी वेळ नसेल तर रुग्णालयातल्या फार्मासिस्टकडे जा. औषधांच्या आपसातल्या परिणामांची माहिती त्यांच्याकडे सर्वांत नेटकी असते. घरात कोणाला इंग्रजी वाचता येत असेल तर मेमोरियल स्लोन केटरिंगची 'अबाउट हर्ब्ज' ही मोफत माहितीसूची पाहता येईल, पण तीही विचारण्याची तयारी म्हणूनच.

कोणी रागावेल म्हणून लपवू नका. रागावलं तर मला सांगा, मी डॉक्टरांशी बोलते; आमच्यातली प्रत्येक परिचारिका हे करेल. तुमच्या यकृताचे आकडे अचानक वाढले आणि काढ्याची माहिती आमच्याकडे नसली, तर दोष केमोवर येतो आणि तुमचा डोस विनाकारण कमी होतो किंवा पुढे ढकलला जातो.

परवानगी मिळाली की एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, आणि तीही केमोच्या दिवशी नको. दोन-तीन आठवडे वहीतले आकडे पाहा. फरक नसेल तर सोडून द्या, त्यात काहीही कमीपणा नाही.

कोणाच्या हाती शरीर द्यायचं

थेरपिस्टला विचारा: कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या लोकांबरोबर काम केलं आहे का? माझे प्लेटलेट किती आहेत हे तुम्ही विचाराल का? सुया एकदाच वापरून टाकता का? माझ्या डॉक्टरांशी बोलायला तयार आहात का? शेवटच्या प्रश्नावर जो कचरतो त्याच्याकडे जाऊ नका. जो म्हणतो 'केमो थांबवा, मगच माझं औषध लागू पडेल', त्याच्याकडून तर उठूनच या. एकच औषध सगळ्या कॅन्सरांवर चालतं, घटक गुपित आहेत, आगाऊ मोठी रक्कम भरा, त्रास होतोय म्हणजे विष बाहेर पडतंय, ही सगळी त्याच जातीची वाक्यं आहेत. जर्दाळूच्या बियांशी संबंधित लॅट्राइल असंच वर्षानुवर्षं विकलं गेलं. १९८२ साली १७८ रुग्णांवर त्याच्या चाचणीचा निकाल आला: आजारावर गुण नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण धोकादायक पातळीच्या जवळ पोचलं होतं.

घरच्यांसाठी

तुम्ही प्रेमाने आणलेली प्रत्येक पुडी पेशंटला घ्यावी लागते, कारण नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल. हे ओझं त्यांच्यावर टाकू नका. काही करायचंच असेल तर रोज त्यांच्याबरोबर दहा मिनिटं चाला, पाय चोळून द्या, वही लिहायला मदत करा.

आणि 'सकारात्मक राहा, मग बरं होशील' हे म्हणणं थांबवा. २००७ साली डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १०९३ रुग्णांच्या अभ्यासात मनःस्थिती आणि किती काळ जगले यांचा संबंध आढळला नाही. माणूस रडला म्हणून त्याचा आजार वाढत नाही. ध्यान, संगीत, मालिश यांनी दिवस सुसह्य होतात, म्हणून ती करायची. ते न जमल्याचा दोष पेशंटच्या माथी मारायचा नाही.

हे झालं तर सगळं बाजूला ठेवून फोन करा

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. थंडी वाजून येणं. न थांबणारा रक्तस्राव किंवा अंगावर नवे लाल ठिपके. अचानक धाप लागणं, छातीत दुखणं. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं. पाणीही पोटात न ठरणं. पायांतली ताकद अचानक जाणं. रात्र असली तरी फोन करा, काढा घेऊन किंवा लेप लावून सकाळची वाट पाहू नका. रुग्णालयाचा चोवीस तासांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याखाली तुमच्या केमोच्या औषधांची नावं, शेवटच्या डोसची तारीख आणि जोडीला जे काही घेत असाल ते सगळं.

उपचाराचा टप्पा बदलला की ही यादी पुन्हा तपासून घ्या. केमोत जे चाललं ते रेडिएशनमध्ये चालेलच असं नाही, आणि हार्मोनच्या गोळ्या तर पाच ते दहा वर्षं चालतात. त्या वर्षांत कोणीतरी नवी कॅप्सूल सुचवणारच. ती सुरू करण्याआधी फार्मासिस्टला एक फोन करा.